विणकरांच्या गावातील हस्तकलेचा तास

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे टसराच्या हातमागासाठी नावाजलेले गाव आहे, आणि काठावर करवतीच्या दातांची नक्षी मिरविणाऱ्या ज्या साडीने विदर्भाचे नाव दूरवर नेले, तिच्याशी या परिसराचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ज्या बालकाच्या घरात ताण्याबाण्याचा आणि धोट्याचाच संसार मांडलेला असतो, त्यालादेखील शाळेत पाऊल टाकताच हस्तकला म्हणून बहुधा फळ्यावरचा आंबा किंवा कमळ उतरवून घेण्याचे काम मिळावे, ही गोष्ट मला फार खटकते.

बालशिक्षणाचा आद्य प्रवर्तक फ्रोबेल याने जर्मनीत १८३७ साली आपल्या कार्याचा पाया घातला. त्याने मुलांसाठी योजिलेल्या उद्योगांत कागदी पट्ट्यांच्या विणकामाला स्थान होते. आपल्याकडे तर ही विद्या दारातच उभी आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन समोरासमोरच्या कडांना खाचा पाडून त्यांत सूत ताणून दिले, की सहा वर्षांच्या मुलाचा माग सिद्ध होतो. मग एक धागा वर आणि एक खाली असे करीत, बांबूच्या गुळगुळीत कामटीला बांधलेला रंगीत धागा ते मूल आपल्या बोटांनी पलीकडे नेते, आणि परतताना मागच्या ओळीत जो धागा वर होता तो आता खाली गेला पाहिजे, हे गणित त्याला कोणी न सांगता उमगते. एखादी ओळ चुकली तर ती चूक कापडातच दिसते. गुरुजींनी लाल शाईची खूण करण्याचे कारण उरत नाही.

पतंग बाहेर पडल्यामुळे भोक पडलेला टसराचा कोष अखंड धाग्याच्या कामाचा राहत नाही. तो मुलांच्या हाती द्यावा. त्याचे पाखरू होईल, उंदीर होईल, किंवा ज्याला नाव नाही असा एखादा प्राणीही होईल. उन्हाळ्यात मालगुजारी तलावांचे पाणी ओसरले म्हणजे काठची चिकण माती आणावी, खडे वेचून ती मळावी आणि ओल्या फडक्याखाली ठेवावी. तान्ह्या पोळ्याचा बैल असो की भुलाबाईची मूर्ती, ती मुलांनी घडवावी आणि सावलीत वाळवावी, कारण उन्हात वरचा थर आतल्यापेक्षा लवकर आकसतो आणि मूर्ती तडकते. रंगांसाठी फाल्गुनातला पळस पुरेसा आहे. आणि हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच ते लाल होताना पाहणाऱ्या मुलाची मुद्रा ज्याने पाहिली असेल, त्याला या तासाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. या साहित्यासाठी खर्चाची तरतूद नको, की वरिष्ठांची मंजुरी नको.

येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेत उद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानण्यात आले. ते तत्त्व थोर होते, परंतु मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा या अपेक्षेविषयी त्याच काळी अनेकांनी शंका घेतली, आणि इतक्या लहान मुलांच्या बाबतीत ती शंका मला पूर्णपणे रास्त वाटते. विणकराच्या मुलाला शाळेत माग द्यायचा तो रोजगाराची उमेदवारी म्हणून नव्हे. त्याच्या हातची वेडीवाकडी पट्टी बाजारात जायची नाही, आणि साहेबांच्या तपासणीच्या दिवशी ती गुरुजींनी रात्री बसून सरळही करायची नाही. पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले, त्यात मला खरा मार्ग दिसतो. मुलाचे काम मुलाचेच राहिले, तरच त्याला शिक्षण म्हणता येईल.

म्हणून आंधळगावच्या आणि मोहाडी परिसरातील विणकर बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की मागाखाली पडणारे तुटके धागे, उरलेल्या कांड्या आणि निकामी कोष फेकून न देता एका पिशवीत साठवावेत आणि आठवड्यातून एकदा जवळच्या प्राथमिक शाळेत पोहोचते करावेत. आणि सवड असेल त्याने एखाद्या दुपारी स्वतः वर्गात बसून गाठ कशी मारायची, तेवढे मुलांना दाखवावे.