एक तिथी, अनेक आचार



मोहरम हा इस्लामी वर्षाचा पहिला महिना, आणि त्याचा दहावा दिवस म्हणजे आशुरा. हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजेच इ. स. ६८० साली, याच दिवशी पैगंबरांचे नातू इमाम हुसेन कर्बलेच्या रणात आपल्या मोजक्या सोबत्यांसह धारातीर्थी पडले. या दिवसाला सण म्हणावे की सुतक, याचे उत्तर मात्र पंथागणिक निराळे मिळते.

शिया पंथीयांसाठी हा निखळ शोकाचा काळ. काळी वस्त्रे, मजलिशीतील कर्बलेचे कथन, मर्सिये आणि छाती पिटून केलेला मातम हे त्याचे रूप. सुन्नी पंथातील अनेक धर्मनिष्ठ लोक नवव्या व दहाव्या दिवशी रोजा ठेवतात. फिरौनच्या जाचातून मूसा मुक्त झाले, त्याचे स्मरण त्यात असते. दाऊदी बोहरा चंद्रदर्शनावर न विसंबता गणिताने बांधलेली कालगणना पाळतात. त्यामुळे एकाच शहरात आशुरा पुष्कळदा दोन निरनिराळ्या दिवशी येतो.

दक्षिणेत याला आणखी एक पदर आहे. आदिलशाही व कुतुबशाही राजवटींच्या आश्रयाने पंजे, ताबूत आणि सवाऱ्या येथील लोकजीवनात रुजल्या. सुन्नीही ताबूत बसवू लागले आणि हिंदू नवस बोलू लागले. अनेक उलेमांना हे मान्य नव्हते व आजही नाही. पुण्यात हिंदूंचा या मिरवणुकांत मोठा सहभाग असे. १८९३ च्या दंगलींनंतर, १८९४ साली, त्यांतील बहुसंख्य लोकांनी पाठ फिरविली. सार्वजनिक गणेशोत्सवाचा विस्तार झाला तो याच सुमारास.

तथापि तो धागा सर्वत्र तुटला नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगावात उंच ताबुतांच्या भेटींना हिंदू-मुसलमान दोघेही जमतात. बेळगाव जिल्ह्यातील हिरेबिदनूर गावी तर मुसलमानांची वस्तीच नाही. तेथील मशिदीची नित्य पूजा हिंदू पुजारी करतो आणि मोहरमपुरता शेजारच्या गावाहून मौलवी येतो.

यांपैकी खरा मोहरम कोणता, असा वाद वारंवार घातला जातो. शास्त्रार्थाचा निर्णय शास्त्रज्ञांनी करावा. परंतु शुद्धतेच्या आग्रहापायी आचार छाटताना त्याच्याबरोबर शेजारधर्मही छाटला जात नाही ना, हे पाहण्याचे दायित्व समाजाचे आहे. एकदा पाठ फिरविली की ती पुन्हा वळविणे किती कठीण असते, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसते.