जमिनीचा नकाशा आणि कचेरीचे दप्तर यांची सांगड

(बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील भूमी-अभिलेखांच्या संगणकीय जोडणीसंबंधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्याच्या जमिनीचे दोन साक्षीदार सरकारी कचेरीत असतात. एक नकाशा व दुसरी नोंदवही. जमीन कोठे आहे आणि तिचा आकार कसा आहे, हे नकाशा सांगतो. ती कोणाची, किती, तीत काय पिकते आणि तिच्यावर बोजा कोणाचा, हे नोंदवही सांगते. हे दोन साक्षीदार वर्षानुवर्षे निरनिराळ्या कपाटांत राहिले. नकाशा भूमापन खात्याने सांभाळला, पहाणी महसूल खात्याने. खरेदीखत नोंदणी कचेरीत राहिले, पीकपाण्याचे आकडे कृषी खात्यात आणि कर्जाचा कागद बँकेत. या पाच ठिकाणांमधील दळणवळण शेतकऱ्याने आपल्या पायांनी चालविले. एका कचेरीचा दाखला दुसरीत नेऊन देण्यात त्याचे सुगीचे दिवस गेले.

गेल्या पंचवीस वर्षांत ही स्थिती पालटली आहे. ही पाचही दप्तरे संगणकावर आली असून एका कचेरीत झालेले काम पुढच्या कचेरीला आपोआप कळावे, अशी साखळी बांधण्यात आली आहे. ही साखळी चालते कशी, कोठे अडते आणि ती नीट चालावी म्हणून कोणी काय करावयाचे, हा आजचा विषय आहे.

जुन्या दप्तराचा वारसा

बिदर व गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होते. निजामी अमदानीत वरिष्ठ कचेऱ्यांचे दप्तर उर्दूत चाले व महसुलाचे वर्ष फसली सनाने मोजले जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा एकट्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला, जहीराबाद व नारायणखेडकडील भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. जमीन जागची हलली नाही, परंतु तिच्या कागदांचे धनी बदलले. उर्दूतील नावे पुढे कन्नडमध्ये लिहिली गेली, आणि घरात मराठी बोलणाऱ्या हजारो कुटुंबांची नावे लेखनिकाच्या कानाला जशी आली तशी उतरली.

सीमेच्या दोन्ही बाजूंना मोजणीची भाषा मात्र पुष्कळशी एकच राहिली. टिपण, आकारबंद, पोटहिस्सा, बांध, गुंठा हे शब्द औराद तालुक्यातील कास्तकाराला जसे ठाऊक आहेत, तसेच देवणी तालुक्यातील कास्तकारालाही. जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होत असे. साखळीचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी चौरस जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. कर्नाटकाच्या उताऱ्यावर आजही क्षेत्र एकर, गुंठे व आणे यांत येते, तर महाराष्ट्राच्या सातबारावर ते हेक्टर-आर यांत येते. सीमेच्या दोन्ही अंगांना जमीन असलेल्या खातेदाराने हा फरक ध्यानात ठेवणे इष्ट आहे. एक गुंठा हा एका आरापेक्षा किंचित मोठा असतो.

कपाटातून संगणकाकडे

कर्नाटकात पहाणीपत्रकांच्या संगणकीकरणाचा ‘भूमी’ हा प्रकल्प २००० ते २००२ या काळात राज्यभर उभा राहिला. सुमारे ६७ लक्ष जमीनधारकांचे सुमारे दोन कोटी उतारे त्यात नोंदले गेले आणि १७७ तालुका केंद्रांतून १५ रुपये शुल्कात छापील उतारा मिळू लागला. उतारा लवकर मिळणे हा त्याचा डोळ्यांना दिसणारा लाभ होता. दुसरा लाभ अधिक मोलाचा ठरला. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकालात काढावे लागतील, अशी व्यवस्था संगणकातच करण्यात आली. मागचा अर्ज पुढे सरकविणे किंवा पुढचा दाबून ठेवणे अवघड झाले. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाच्या ठशाने आपली ओळख पटवावी लागू लागली, त्यामुळे बदल कोणी केला हे लपेनासे झाले.

‘भूमी’ ही नोंदवहीची व्यवस्था झाली. दस्तनोंदणीसाठी ‘कावेरी’ आणि मोजणीसाठी ‘मोजिनी’ या व्यवस्था तिच्या जोडीस आल्या. पुढे शेतकऱ्याला एकच ओळख क्रमांक देणारी ‘फ्रूट्स’, पीक विम्यासाठी ‘संरक्षणे’ आणि नैसर्गिक आपत्तीतील साहाय्यासाठी ‘परिहार’ या व्यवस्था निघाल्या. गावनकाशांच्या प्रती संगणकात उतरवून त्या उपग्रहाच्या चित्रांवर बसविण्याचे काम बेंगळुरू येथील राज्य सुदूर संवेदन केंद्राने केले. ‘दिशांक’ या उपयोजनाद्वारे आता शेतात उभे राहून पायांखालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर मोबाईलवर पाहता येतो. महाराष्ट्रातही याच धर्तीवर दस्तनोंदणी व ई-फेरफार यांची जोडणी झाली असून, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू करण्यात आली.

साखळीची एक फेरी

समजा, भालकी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या नावे ५ एकर २० गुंठ्यांचा एक सर्व्हे नंबर आहे आणि त्यांपैकी २ एकर त्याला विकावयाचे आहेत. पूर्वी खरेदीखतात चतुःसीमा लिहून व्यवहार होई, आणि ‘पूर्वेकडील दोन एकर’ म्हणजे नेमके कोठून कोठपर्यंत, हा वाद पुढच्या पिढीच्या वाट्याला येई. आता सर्व्हे नंबराचा भाग विकण्यापूर्वी ‘मोजिनी’मध्ये अर्ज करून अकरा-ई नकाशा घ्यावा लागतो. भूमापक जागेवर येतो, मोजतो आणि विकावयाचा तुकडा आखून देतो. हा नकाशा तयार झाल्याखेरीज नोंदणी कचेरीत दस्त पुढे सरकत नाही.

दस्त नोंदला गेला की ‘कावेरी’कडून ‘भूमी’कडे त्याची सूचना आपोआप जाते. तिला कचेरीत जे-स्लिप म्हणतात. ही सूचना पोचताच तालुका कचेरीत फेरफाराचे प्रकरण उभे राहते व संबंधितांना नोटीस निघते. हरकत न आल्यास महसूल निरीक्षकाच्या मंजुरीने फेरफार होतो. हरकत आल्यास प्रकरण तहसीलदारापुढे जाते. शेवटी नवा हिस्सा नंबर पडून नकाशा आणि उतारा दोन्ही बदलतात.

यातील नोटिशीचा टप्पा कित्येकांना निष्कारण विलंबाचा वाटतो. वस्तुतः तो साखळीचा सर्वांत मौल्यवान दुवा होय. घरच्या लेकींचा हिस्सा डावलून विक्री झाली असेल किंवा खोटा इसम उभा करून दस्त केला असेल, तर तो प्रकार उघड करण्याची संधी याच मुदतीत मिळते. यंत्राचे काम कागद वेगाने नेण्याचे आहे. न्याय करण्याकरिता कोठे तरी मनुष्याने थांबून पाहिलेच पाहिजे.

जोडणारा दुवा म्हणजे नंबर

संगणकाला नकाशावर केवळ बंदिस्त आकृत्या दिसतात आणि नोंदवहीत केवळ ओळी दिसतात. कोणती ओळ कोणत्या आकृतीची, हे त्याला एकाच खुणेने कळते. ती खूण म्हणजे गावाचा संकेतांक, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर. ही खूण दोन्हीकडे तंतोतंत सारखी असेल तरच सांगड बसते.

खरी अडचण येथेच आहे. आजोबांच्या नावे एक सर्व्हे नंबर होता. चार भावांनी आपसांत बांध घालून तो वाटून घेतला. उताऱ्यावर चौघांची नावे लागली, परंतु पोटहिस्स्याची मोजणी, जिला कर्नाटकात पोडी म्हणतात, ती कोणीच करून घेतली नाही. परिणामी नोंदवहीत चार खातेदार आणि नकाशावर एकच आकृती! चौघांपैकी कोणाचा भाग नाल्याकाठी आणि कोणाचा माळावर, हे गावाला ठाऊक आहे, संगणकाला नाही. काही ठिकाणी उताऱ्यांवरील क्षेत्रांची बेरीज आकारबंदातील क्षेत्राशी जुळत नाही. अशा वेळी साखळी अडते, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे चुकीच्या जागी जोडली जाते.

दुसरी मर्यादा नकाशाच्या प्रमाणाची आहे. आठ इंचांस एक मैल, म्हणजे १ : ७९२० या प्रमाणाच्या गावनकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर जागा व्यापते. म्हणून मोबाईलवरील नकाशा पाहून शेजाऱ्याचा बांध कोरण्यास निघणे सर्वथा अनुचित होय. तो नकाशा शेताची ओळख पटविण्यासाठी आहे. हद्दीचा वाद मिटविण्यासाठी रीतसर मोजणीच करून घेतली पाहिजे.

पीक, विमा आणि आपत्ती

या साखळीचा शेवट शेतकऱ्याच्या बँक खात्याशी होतो, म्हणून तिच्यातील चूक घराच्या चुलीपर्यंत पोचते. कलबुर्गी जिल्हा तुरीचे आगर आहे, आणि येथील तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांकनाचा मान मिळाला. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य, कडधान्य व तेलबिया पिकांसाठी शेतकऱ्याने विमा रकमेच्या २ टक्के व रब्बीसाठी १.५ टक्का हप्ता भरावयाचा असतो. विमा तुरीचा आणि पीक सर्वेक्षणात मात्र त्याच नंबरात सोयाबीनची नोंद, असे घडले तर दोन व्यवस्थांचा मेळ बसत नाही आणि दावा अडकतो. आंतरपीक घेणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक. मुगाची काढणी झाल्यावर उभ्या राहिलेल्या तुरीची दखल सर्वेक्षणात आली आहे किंवा नाही, हे प्रत्येकाने स्वतः पाहावयास हवे.

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला, तेव्हा महाराष्ट्रातील उजनी धरणातून सोडलेले पाणी अफजलपूर, जेवरगीकडील शेतांत शिरले. पुराला राज्याची सीमा नसते. अशा प्रसंगी पूररेषेचा नकाशा, त्याखालील सर्व्हे नंबर, त्यांतील पीक आणि खातेदाराचा ओळख क्रमांक ही चार माहितीपत्रके एकमेकांशी जोडलेली असतील, तर साहाय्याची यादी दिवसांत तयार होते. ती तुटक असतील तर पंचनाम्यांचे गठ्ठे हाताने जुळविण्यात महिने जातात. साहाय्य वेळेवर येण्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे अवलंबून असते.

नावाचा आणि भाषेचा प्रश्न

ओळख क्रमांकासाठी आधारपत्रातील नाव व उताऱ्यातील नाव यांचा मेळ पाहिला जातो. एका कागदावर ‘माधवराव’, दुसऱ्यावर ‘माधव’. एकावर ‘विठ्ठल’, दुसऱ्यावर ‘विठल’. मनुष्य हे दोघे एकच आहेत हे ओळखतो, यंत्र साशंक राहते. मयत वडिलांच्याच नावावर राहिलेला उतारा तर साखळीत शिरतच नाही. औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतील अनेक वृद्धांना मराठी वाचता येते, परंतु उतारा कन्नडमध्ये असल्याने त्यावरील चूक त्यांच्या ध्यानात येत नाही. ही उणीव दूर करणे गावातल्या गावात शक्य आहे.

कोणी काय करावे

ग्रामस्थांनी दरवर्षी पेरणीनंतर आपला उतारा काढून नाव, क्षेत्र, पीक व बोजा या चार गोष्टी पडताळाव्यात. कर्ज फिटले असेल तर बोजा उतरला काय, हे पाहावे. वारसनोंद लांबणीवर टाकू नये. भावाभावांत समेट आहे तोवरच पोडी करून घ्यावी. वाद सुरू झाल्यावर तीच मोजणी दुष्कर होते. पीक सर्वेक्षणातील नोंद चुकली असेल तर मुदतीच्या आत रयत संपर्क केंद्रात किंवा ग्राम प्रशासन अधिकाऱ्याकडे हरकत नोंदवावी.

अधिकारीवर्गाने एक गोष्ट ध्यानी धरावी. ‘संगणक घेत नाही’ हे उत्तर नव्हे. संगणक कोणत्या कारणाने घेत नाही, चूक कोणत्या कचेरीतील आहे व ती कोण दुरुस्त करील, हे अर्जदाराला लेखी कळले पाहिजे. पूर्वी एक चुकीची नोंद एका वहीत पडून राही. आता तीच नोंद क्षणात पाच दप्तरांत पोचते. तेव्हा मूळ नोंदीच्या जागी पूर्वीपेक्षा अधिक दक्षता हवी, आणि दुरुस्ती झाल्यावर तीही पाचही ठिकाणी पोचली काय, हे पाहिले पाहिजे.

शिक्षकांचा वाटा मोठा आहे. भूगोलाच्या तासाला गावचा नकाशा फळ्यावर यावा, गणिताच्या तासाला एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करून दाखवावेत आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्याने घरचा कन्नड उतारा आजोबांना मराठीत वाचून दाखवावा. असा एक विद्यार्थी एका घराचे क्षेत्र, नाव आणि बोजा यांचे रक्षण करू शकतो.

२०२१ पासून देशात प्रत्येक भूखंडाला त्याच्या भौगोलिक स्थानावरून चौदा अंकाक्षरी ओळख क्रमांक देण्याचे काम सुरू आहे. ते पूर्ण होईल तेव्हा सीमेच्या अलीकडील व पलीकडील जमीन एकाच पद्धतीने ओळखता येईल. परंतु तो क्रमांकही अखेर बांधावरील मोजणीच्या आधारेच उभा राहील. जुन्या मोजणीदाराची ३३ फुटांची साखळी सरळ ताणलेली असेल तरच गुंठा बरोबर येई. आजची साखळी डोळ्यांना दिसत नसली, तरी तिचा नियम तोच आहे. तिचे पहिले टोक शेतकऱ्याच्या बांधावर असून ते नीट धरले आहे ना, हे पाहण्याचे काम शेतकरी, अधिकारी आणि शिक्षक या तिघांनी मिळून करावयाचे आहे.