मोरीपासून चंद्रभागेपर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. मी मात्र आज मोरीविषयी बोलणार आहे. सणासुदीच्या दिवशी हिला हा काय विषय सुचला, असे कुणाच्या मनात आले तर तिने मला क्षमा करावी. मोरी ही घरातली सर्वांत दुर्लक्षित जागा. पण आपल्या नदीचे नशीब बरेचसे तिथेच ठरते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आधी माझीच चूक सांगते. कित्येक वर्षे देवघरातले निर्माल्य मी प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवीत असे आणि आठवड्यातून एकदा पुलावरून मुठेत सोडीत असे. देवाचे फूल केरात जाऊ नये, एवढीच भावना. एका पावसाळ्यात पूर ओसरल्यावर मी त्याच पुलावरून खाली पाहिले. काठच्या झाडांना शेकडो पिशव्या लोंबत होत्या. त्यांतली एक तर अगदी आमच्या वाण्याच्या दुकानातली. ती माझी होती की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. पण माझी मान खाली गेली. केरात जाऊ नये म्हणून जपलेले फूल मी चिखलाने भरवून झाडाला टांगले होते!

त्या दिवसापासून मी विचार करू लागले, की आपण सोडून दिलेले जाते कुठे?

आपण पुणेकर पाणी पितो ते प्रामुख्याने खडकवासल्याचे. ते धरण शहराच्या वरच्या अंगाला. सांडपाणी सोडतो ते मात्र खालच्या अंगाला. त्यामुळे आपण कसेही वागलो तरी आपल्या नळाला स्वच्छच पाणी येते, आणि नदी बिघडल्याची झळ आपल्याला लागत नाही. ती लागते पुढच्यांना. संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात. मुळामुठा पूर्वेकडे जाऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात जाते. ते उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. आणि धरणाखाली तीच भीमा पंढरपुराशी चंद्रकोरीसारखी वळते. तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचे कोणी ना कोणी आषाढीला पंढरीस जाते. चंद्रभागेत स्नान करून तिथले पाणी तांब्यात भरून आणते. ते तीर्थ आपण हातावर घेतो तेव्हा एवढे आठवावे, की त्या वाटेने आपल्याही मोरीचे पाणी गेलेले आहे. पंगतीत पाहुण्याला कुणी उष्टे वाढत नाही. मग सबंध सोलापूरला आपण काय वाढीत आहो?

कुणी म्हणेल, शहरात मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत ना? आहेत, आणि त्यांचा उपयोगही होतो. पण सगळेच सांडपाणी तिथवर पोचत नाही. कितीतरी पाणी नाल्या-ओढ्यांतून थेट नदीत जाते. त्या पाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो आणि मासे गुदमरतात. मैल्यातली आणि साबणाच्या चुऱ्यातली काही द्रव्ये जलपर्णीला खतासारखी लागू पडतात. ती जांभळी फुले दुरून शोभिवंत दिसतात. पण तो हिरवा गालिचा पाण्यावर पसरला की खाली ऊन पोचत नाही. नदी सजलेली दिसते, पण आत ती आजारी असते.

आता करावयाचे काय? मोठमोठ्या गोष्टी मी सांगत नाही. ज्या माझ्याच्याने जमल्या, त्याच सांगते.

तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. ते नळीत थिजते, वर केरकचरा धरते, आणि एक दिवस मोरी तुंबते. कढई आधी जुन्या कागदाने पुसावी, मग घासावी. तो कागद सुक्या कचऱ्यात मिसळू नये. कपड्यांना पावडर मोजून घालावी. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, हा आपला भ्रम आहे. मी माप निम्म्यावर आणले. घरात कुणाला फरक कळलासुद्धा नाही.

निर्माल्यातले दोरे आणि चमकी काढून फुले कुंडीत टाकावीत, वर सुका पाला आणि मूठभर माती घालावी. दोन-तीन महिन्यांत खत होते. देवाचे फूल पुन्हा फुलाच्याच मुळाशी जाते. याहून चांगले विसर्जन कोणते?

गणपती शाडूचा आणावा आणि घरी बादलीत विसर्जन करावे. माती तुळशीला घालता येते. प्लॅस्टरची मूर्ती आधीच घरी असेल तर ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळते, हे आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे. उरलेले पाणी भरपूर साधे पाणी मिसळून झाडांना खत म्हणून घालता येते.

आणि एक गोष्ट जरा संकोचाची आहे, पण आपण बायकाच बोलत आहो म्हणून सांगते. वापरलेले पॅड संडासात टाकू नयेत. कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावेत. तुंबलेली गटारे उपसताना आणि कचरा वेचताना कुणाचे तरी हात त्याला लागतात, आणि त्या कचरा वेचणाऱ्यांत पुष्कळदा आपल्यासारख्याच बायका असतात.

येथे एक शंका निघेल. कारखाने विष सोडतात, बांधकामाचा राडारोडा ओढ्यांत पडतो, आणि आम्ही काय कढया पुसत बसावे? शंका रास्त आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. ओढ्याची वाट अडविली की तो घरात शिरतो. तेव्हा अधिकाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे, आणि तो मंडळाने एकत्र जाऊन विचारावा. पण विचारावयास जाताना आपले हात स्वच्छ असले म्हणजे आवाजाला धार येते. शिवाय हे काम एकट्या गृहिणीचे नव्हे. घरातल्या पुरुषांनीही कढई पुसावी. त्यांच्या हाताला काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगते!

मंडळापुढे तीनच सूचना ठेवते. आवारात निर्माल्यासाठी एक खड्डा असावा. यंदाच्या संक्रांतीला प्लॅस्टिकचे वाण लुटू नये. आणि वर्षातून एकदा सर्वजणींनी मिळून नदीकाठी जावे. साफसफाईसाठी नव्हे, नुसते पाहावयास. जिच्याकडे आपण पाहतच नाही, तिची काळजी आपल्याला कशी वाटणार?

आज घरी गेल्यावर भांडी घासताना मोरीत वाहणाऱ्या पाण्याकडे एकदा पाहा. ते पंढरपुराला निघाले आहे. त्याला धाडावयाचे ते नीट करून धाडू या.