देवळाचा निवाडा आणि न्यायालयाचा हुकूमनामा
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



आज प्रातःकाळच्या मिस्साबलीत ज्या दांपत्यांनी वेदीसमोर उभे राहून आपल्या विवाहवचनाची पुनरुक्ती केली, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु त्याच वेळी मागील बाकांवर काही माणसे खाली मान घालून बसली होती, हेही आमच्या दृष्टीतून सुटले नाही. कोणाचा पती परागंदा झालेला, कोणाची पत्नी वर्षानुवर्षे माहेरी. आणि कोणी दुसरा संसार मांडला असल्यामुळे पवित्र साक्रामेंतापासून दूर राहिलेला. उत्सवाच्या दिवशी हा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि घरातील सर्व मंडळी आनंदात असावीत अशी ज्याची इच्छा आहे, त्याने उंबरठ्यावर थांबलेल्यांची विचारपूस करावयासच हवी. यास्तव पवित्र सभेचा विवाहविषयक निवाडा आणि सरकारी न्यायालयाचा हुकूमनामा यांत काय अंतर आहे, याचा आज थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्या मराठवाड्यात नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे पंच बसतात, मुद्रांकाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या जातात, दोन्हीकडच्या सह्या-अंगठे होतात आणि ‘फारकत झाली’ असे म्हणून मंडळी घरोघर जातात. ज्या समाजांत अशी रूढी आहे, त्यांतील काहींच्या बाबतीत कायदा तिला मान देतो. परंतु ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत या कागदाने काहीही साधत नाही. पवित्र सभा त्यास ओळखत नाही आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट कायदाही ओळखत नाही. फारकतीवर विसंबून ज्याने दुसरे लग्न केले, त्याचे पहिले लग्न दोन्हीकडे जसेच्या तसे उभे असते.

दुसरा शब्द घटस्फोट. विवाह खरोखर झाला होता, तो आता मोडला, असे न्यायालय घटस्फोटात म्हणते. तिसरी गोष्ट विवाहशून्यतेची. जो विवाह झालासा दिसत होता तो मुळात झालाच नव्हता, असे तीत ठरते. घटस्फोट म्हणजे बांधलेली गाठ सोडणे. शून्यता म्हणजे गाठ बसलीच नव्हती असे तपासून सांगणे. देवाने जे जोडले ते तोडण्याचा अधिकार माणसाला नाही, ही प्रभूची शिकवण पवित्र सभा काटेकोरपणे पाळते. म्हणून यथाविधी झालेला आणि पूर्णतेस गेलेला साक्रामेंतरूप विवाह ती कोणासाठीही मोडीत नाही. ‘चर्चने काडीमोड दिली’ असे जे आपल्यात बोलले जाते, ते सर्वथा चुकीचे होय.

मग धर्मन्यायालय तपासते काय? १९८३ च्या धर्मसंहितेचा १०५७ वा नियम सांगतो की विवाह घडतो तो उभयतांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरा कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. तेव्हा सारा शोध लग्नाच्या दिवसाचा असतो. त्या दिवशी ती संमती खरी होती काय? भीतीने वा बळजोरीने काढलेली होती काय? महत्त्वाची गोष्ट लपवून, कपटाने मिळविली होती काय? लग्नाची जबाबदारी समजण्याइतकी वा पेलण्याइतकी मनाची शक्ती वधूवरांस होती काय? पहिला विवाह शिल्लक असता दुसरा लावला गेला काय? धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्या समक्ष तो विधिपूर्वक लागला काय? पुढे वीस वर्षे भांडणे झाली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही; त्या भांडणांचे मूळ वेदीपाशीच होते असे दिसले, तरच त्यांना महत्त्व.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम उच्चस्वराने सांगतो. मूल होत नाही म्हणून सून माहेरी पाठविणे आपल्या गावोगाव चालते. पवित्र सभेचा नियम स्पष्ट आहे की अपत्यहीनतेमुळे विवाह निषिद्धही होत नाही आणि अवैधही ठरत नाही. सरकारी कायद्यातही ते कारण नाही. नपुंसकत्व ही निराळी बाब होय. वांझ म्हणून टाकलेली भगिनी दोन्ही न्यायांनी आपल्या पतीची पत्नीच आहे.

धर्मन्यायालयात विवाहाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी असतो. त्यास विवाहबंधनाचा रक्षक म्हणतात. चौदावे बेनेडिक्ट पापा यांनी १७४१ साली हे पद नेमिले आणि एकमेकांशी जुळणारे दोन निवाडे झाल्याखेरीज कोणीही मोकळा समजू नये असे ठरविले. ही दुहेरी निवाड्याची अट पावणेतीनशे वर्षांच्या सुमारास चालली. २०१५ साली फ्रान्सिस पापा यांनी ती काढून टाकली. आता अपील न झाल्यास एकच निवाडा पुरतो. उभय पक्ष राजी असून पुरावा उघड असल्यास स्वतः महागुरुस्वामी थोडक्या अवधीत निकाल देऊ शकतात. शिवाय हे काम होईल तितके विनामूल्य चालावे, असेही त्यांनी सुचविले. पैशाअभावी आपले गाऱ्हाणे ऐकले जाणार नाही, या धास्तीने कोणी मागे राहू नये. १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबाद धर्मप्रांत निराळा झाला, तेव्हापासून आपला मराठवाडा त्या महागुरूंच्या छत्राखाली आहे. आपले गाऱ्हाणे प्रथम तेथेच जावयाचे, आणि त्याचा रस्ता आपल्याच धर्मगुरूंच्या दारावरून जातो.

आता सरकारी बाजू पाहू. १८६९ च्या कायद्याच्या १८ व्या व १९ व्या कलमांन्वये पतीस अथवा पत्नीस विवाह शून्य ठरविण्यासाठी जिल्हा न्यायालयात, किंवा कुटुंब न्यायालय स्थापन झाले असेल तेथे त्या न्यायालयात, अर्ज करता येतो. कारणे मोजकी आहेत: लग्नाच्या वेळी व अर्जाच्या वेळीही असलेले नपुंसकत्व; निषिद्ध नाते; लग्नसमयीचे वेड; पहिला पती वा पत्नी हयात असून तो विवाह अमलात असणे; आणि बळजोरीने वा कपटाने मिळविलेली संमती. जबाबदारी पेलण्याची मानसिक असमर्थता हे जे कारण धर्मन्यायालयात वारंवार पुढे येते, ते या यादीत त्या रूपाने नाही. म्हणून एकच जोडपे धर्मन्यायालयातून विवाहशून्यतेचा निवाडा घेऊन येते आणि सरकारी न्यायालयातून त्यास केवळ घटस्फोटच मिळू शकतो. यात विरोध काही नाही. दोघांचे प्रश्नच निरनिराळे आहेत.

जुन्या कायद्यात जिल्हा न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाची मंजुरी लागत असे आणि पक्षकार वर्षानुवर्षे ताटकळत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली या अटीवर घाव घातला आणि २००१ साली संसदेने कायदाच सुधारला. त्याच दुरुस्तीने पतिपत्नींची घटस्फोटाची कारणे समान झाली व परस्परसंमतीच्या घटस्फोटास वाट मिळाली.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. धर्मन्यायालयाने विवाह शून्य ठरविला. तेवढ्यावर देवळात दुसरे लग्न करावे काय? केरळातील एका भगिनीची हकीकत ऐका. तिचा पहिला विवाह धर्मन्यायालयाने शून्य ठरविला होता. त्या भरवशावर तिने दुसरा विवाह केला. पुढे या दुसऱ्या पतीनेच न्यायालयात जाऊन म्हटले की, हिचा पहिला विवाह सरकारी न्यायालयाने कधी रद्द केला नाही, सबब माझा हिच्याशी झालेला विवाह शून्य ठरवावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९६ साली त्या न्यायालयाने पतीचे म्हणणे मान्य केले. धर्मन्यायालयाच्या निवाड्याला धार्मिक महत्त्व असेल, परंतु संसदेचा कायदा असता त्याचा कायदेशीर परिणाम होत नाही, असा त्याचा आशय. त्या भगिनीचे तेलही गेले आणि तूपही गेले. तिने कोणास फसविले नव्हते; तिला कोणी वेळेवर सांगितले नव्हते, इतकेच.

पुढे क्लॅरेन्स पैस यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज करून धर्मन्यायालयाच्या निवाड्यांना सरकारी मान्यता मागितली. १९ जानेवारी २०१७ रोजी तो अर्ज फेटाळला गेला. तेव्हा आता शंकेस जागा नाही. सरकारी हुकूमनाम्याविना केलेले दुसरे लग्न कायद्याने शून्य तर होतेच, शिवाय द्विभार्याविवाहाचा गुन्हा अंगावर येतो. भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली त्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे.

कोणी म्हणेल, ‘गोव्याकडील आमच्या सोयऱ्यांचे तर देवळाच्या निवाड्यावर भागत असे.’ तेथे पोर्तुगीज अमदानीतील १९४६ च्या हुकुमामुळे निराळी पद्धत दीर्घकाळ होती. ती पद्धत मराठवाड्यास कधीच लागू नव्हती. सोयऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी पडावयाचे नाही.

याच्या उलट बाजूस घडणारी चूकही तितकीच मोठी आहे. न्यायालयाचा घटस्फोट हाती पडला म्हणजे देवळात लग्नास मोकळे झालो, असे पुष्कळांस वाटते. सरकारच्या दप्तरी तो मनुष्य मोकळा झाला खरा, परंतु देवापुढे दिलेल्या वचनाचा प्रश्न तसाच राहतो. तथापि दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: केवळ घटस्फोट झाला, म्हणून कोणीही साक्रामेंतापासून वंचित होत नाही. आपल्या वा मुलांच्या रक्षणासाठी नाइलाजाने न्यायालयात गेलेली आणि एकटी राहणारी भगिनी निर्धास्तपणे ख्रिस्तप्रसादास यावी. तिच्याकडे बोट दाखविणाराने आपले अंतःकरण तपासावे.

तसेच आपल्यापैकी ज्याने पवित्र सभेच्या परवानगीवाचून केवळ नोंदणी कचेरीत १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न लाविले, त्याचा तो विवाह सरकारदरबारी पक्का आहे. पवित्र सभेच्या दृष्टीने मात्र विधीच्या अभावी तो विवाह झालाच नाही. हा मनुष्य ‘देवळात माझे लग्न झालेच नाही’ असे म्हणून पत्नीस टाकून दुसरीस वेदीसमोर आणू पाहील, तर त्यास सांगावे की कायद्याने ती तुझी धर्मपत्नीसमान पत्नी आहे. धर्मसंहितेचा १०७१ वा नियमही सांगतो की सरकारी कायद्यास मान्य होऊ न शकणारा विवाह, किंवा पूर्वीच्या जोडीदाराविषयी अथवा मुलांविषयी ज्याचे कर्तव्य उरले आहे अशाचा विवाह, धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूने लावू नये.

मात्र एका ठिकाणी दोन्ही न्याय हातात हात घालून चालतात, आणि ते आपल्या मुलखाच्या फार उपयोगाचे आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी. पवित्र सभेच्या नियमाने सख्खी मामेआतेभावंडे निषिद्ध नात्यात येतात. परंतु योग्य कारण असल्यास महागुरूंकडून सूट मिळू शकते. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका कॅथॉलिक जोडप्याचे प्रकरण आले. पवित्र सभेने रीतसर सूट दिली असल्यामुळे ते नाते कायद्यानेही आड येत नाही, असा निर्णय झाला. म्हणून नात्यात सोयरीक जुळत असल्यास ती गोष्ट धर्मगुरूंपासून लपवू नका. लग्नाआधी मागितलेला एक कागद पुढची आयुष्यभराची न्यायालयवारी वाचवितो.

मुलांचे काय, हा प्रश्न प्रत्येक आईच्या ओठांवर असतो. विवाह शून्य ठरला म्हणजे आपली लेकरे अनौरस ठरतील, या भयाने कित्येक जणी धर्मन्यायालयाचे नाव काढीत नाहीत. धर्मसंहितेचा ११३७ वा नियम त्यांस धीर देतो: दोघांपैकी एकाने तरी प्रामाणिकपणे वैध समजून साजरा केलेल्या विवाहातील मुले औरसच होत. निवाडा देताना उभयतांस एकमेकांविषयीच्या व मुलांच्या पालनपोषणाच्या नैतिक आणि कायदेशीर कर्तव्यांची जाणीव द्यावी, असाही नियम आहे. सरकारी कायद्याचे २१ वे कलम दोन प्रसंगी मुलांचा वारसाहक्क स्पष्ट शब्दांत राखते: पहिला जोडीदार मृत समजून प्रामाणिकपणे दुसरे लग्न झाले असल्यास, आणि वेडाच्या कारणाने विवाह शून्य ठरला असल्यास. इतर प्रसंगी पोटगी, ताबा व मिळकत यांविषयी जाणत्या वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. कारण धर्मन्यायालय पोटगी देववीत नाही की शेताची वाटणी करीत नाही.

आता सारांश सांगतो. ज्याचा संसार मोडला, त्याने प्रथम धर्मगुरूंस भेटावे. समेटाची आशा असल्यास ती आधी पाहावी. आशा नसल्यास बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले, जुनी पत्रे आणि लग्नाच्या वेळची हकीकत जाणणारे साक्षीदार यांची जुळवाजुळव करावी. दोन्ही दारे ठोठवावी लागतील, हे मनाशी पक्के धरावे. सरकारी हुकूमनामा आणि धर्मन्यायालयाचा निवाडा हे दोन्ही कागद हाती येऊन देवळाच्या नोंदवहीत नोंद होईपर्यंत नवी सोयरीक ठरवू नये. आणि तुम्ही आईबापहो, लेकीला ‘तुला हा मुलगा पसंत आहे काय’ असे नुसते विचारू नका. तिला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक द्या. धर्मन्यायालयातील कित्येक दुःखे त्या एका न उच्चारलेल्या ‘नाही’तून जन्मास येतात.

प्रभूने कैसराचा हिशेब आणि देवाचा हिशेब वेगवेगळा ठेवावयास सांगितले. परंतु दोन्ही चुकते करावयास सांगितले. आज ज्या दांपत्यांनी वचन पुन्हा उच्चारिले त्यांस प्रभू दीर्घायुष्य देवो. आणि मागील बाकांवर बसलेल्या आमच्या बंधुभगिनींस सत्य सांगणारा न्याय व ते ऐकण्याचे धैर्य मिळो. पुढील महोत्सवात कोणासही खाली मान घालून बसण्याची पाळी येऊ नये, एवढीच पवित्र कुटुंबाच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.