स्टेपनीची साक्ष

२०१४ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील सिएटल शहरी एका लिलावात १९७१ सालची एक मोटार ३५ लाख डॉलर्सना विकली गेली. प्लिमथची ही 'हेमी कुडा', दुमडत्या टपाची. नवी असताना तिला जी किंमत पडली असेल तिच्या शेकडो पटींनी हा आकडा मोठा आहे. इतका पैसा मोजणाऱ्याला प्रवासासाठी वाहन हवे होते, असे कोणीही म्हणणार नाही. त्याला हवी असते ती खात्री: मोटार कारखान्याच्या दारातून जशी बाहेर पडली तशीच आज आहे, ही. आणि जेथे खात्रीचीच खरेदी-विक्री होते, तेथे लबाडीही शिरते, हे ओघानेच आले.

इंजिनावरचे क्रमांक जुळतात काय, रंग मूळचा आहे काय, याची पारख करणारे जाणते लोक त्या देशात पुष्कळ आहेत. टायरकडे मात्र सामान्य माणूस साक्षीदार म्हणून पाहत नाही. पायातली वहाण झिजली की टाकावी, तसा टायर. परंतु मोटारीच्या साऱ्या अवयवांत ज्याच्या अंगावर सर्वांत जास्त मजकूर छापलेला असतो, असा अवयव हाच. फक्त तो वाचायला बसणारा हवा.

अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या म्हणजे मध्यम आकाराच्या, संसारी दिसणाऱ्या मोटारीत मोठे दांडगे इंजिन बसवून केलेली बलदंड वाहने. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून १९६४ च्या पाँटियाक जीटीओकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. तिचे इंजिन ३८९ घनइंचांचे आणि ३२५ अश्वशक्तीचे होते. तिच्या टायरच्या काळ्या बाजूवर एक बारीक तांबडी रेघ होती. ती रेघ त्या पिढीच्या तरुणांना इतकी भावली की, तांबडी रेघ म्हणजे वेग असे समीकरणच होऊन बसले. त्याच काळातील शेव्हरोले कॉर्व्हेट या क्रीडा-मोटारीला १९६५ आणि १९६६ साली सोनेरी रेघेचे टायर मागणीनुसार मिळत. १९६७ साली सोनेरी गेली आणि तांबडी आली. १९६५ च्या मोटारीला कोणी हौसेने तांबडी रेघ चढवली असेल, तर ती कितीही शोभली तरी कारखान्याची नव्हे.

ही रेघ रंगाने ओढलेली नसते. टायर घडवतानाच बाजूच्या काळ्या रबराखाली रंगीत रबराची पट्टी घालतात. साच्यात भाजून निघाल्यावर वरचा काळा पापुद्रा यंत्राने घासून काढतात आणि खालचे तांबडे वा पांढरे वर्तुळ उघडे पडते. १९७० च्या सुमारास बाजूवर उठून दिसणारी पांढरी अक्षरे आली, तीही याच रीतीने. तेव्हा जी रेघ नखाने सोलून निघते, ती पाहुणी समजावी.

आता आकारदर्शक खुणांकडे वळू. जीटीओच्या टायरवर '७.५०-१४' असे आकडे होते. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. पुढे १९६७-६८ च्या सुमारास ही पद्धत मागे पडू लागली आणि 'एफ ७०-१४' अशी अक्षर-आकड्यांची नवी लिपी आली. यातील अक्षर भार पेलण्याची श्रेणी दाखवते; एफ हा ई पेक्षा मोठा. ७० याचा अर्थ टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७०. हा आकडा जितका लहान तितका टायर बसका आणि रुंद. १९६९ च्या मस्टँग बॉस ३०२ ला 'एफ ६०-१५' टायर होते. १९७० च्या 'एएआर कुडा'ची तर गंमतच होती: पुढे 'ई ६०-१५' आणि मागे 'जी ६०-१५', म्हणजे पुढची पावले लहान आणि मागची मोठी. चारही चाकांना सारखे टायर लावलेली अशी कुडा पाहिली की जाणत्याच्या कपाळाला आठी पडते.

पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिसरी लिपी आली. तिच्यात आरंभी 'पी' हे अक्षर, मग मिलिमीटरमध्ये रुंदी, मग प्रमाण, मग 'आर' हे अक्षर. 'पी २१५/७० आर १४' असा टायर १९६९ च्या मोटारीला दिसला, तर तो मूळचा असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नुसत्या 'आर' या अक्षराबाबत मात्र थोडे जपून बोलावे. 'आर' म्हणजे रेडियल. त्या काळी अमेरिकन मोटारी बहुतांशी तिरक्या धाग्यांच्या टायरवर धावत. तथापि काही थोड्या मोटारींना जादा पैसे भरून रेडियलही मिळत असत.

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत टायरच्या सुरक्षिततेचे सरकारी मानक अमलात आले. त्यापूर्वीच्या टायरवर '४ प्लाय रेटिंग, २ प्लाय' अशी काहीशी बुचकळ्यात पाडणारी वाक्ये आढळतात. धाग्यांचे थर दोनच, पण बळ चार थरांचे, असा त्यांचा दावा! नव्या नियमाने जास्तीत जास्त भार, हवेचा दाब, धागा कशाचा आणि थर खरोखर किती, हे सारे बाजूवर लिहिणे सक्तीचे झाले. शिवाय 'डीओटी' ही तीन अक्षरे आली, म्हणजे परिवहन खात्याच्या नियमास टायर उतरतो अशी निर्मात्याची ग्वाही. १९६६ च्या मोटारीच्या टायरवर ही तीन अक्षरे दिसली की पुढचे काही पाहायची गरज उरत नाही.

खरी मौज आहे ती तारखेच्या खुणेत. मे १९७१ पासून प्रत्येक टायरवर ओळख-क्रमांक घालणे बंधनकारक झाले. त्याची पहिली दोन अक्षरे कारखाना सांगतात आणि शेवटचे तीन आकडे जन्मकाळ. '२३१' असे असेल, तर २३ वा आठवडा आणि १ ने संपणारे वर्ष. पण १ ने संपणारे वर्ष कोणते? १९७१, १९८१ की १९९१? येथे आकडा एकटा मुका आहे. त्याला शेजाऱ्यांची साक्ष लागते. टायरवर 'एफ ६०-१५' ही लिपी आणि 'पॉलिग्लास' हे नाव असेल, तर तो १९७१ चाच धरावा लागतो. 'पॉलिग्लास' हे गुडइयर कंपनीचे १९६७ साली बाजारात आलेले टायर. आत पॉलिएस्टरचा धागा आणि वर काचतंतूंचा पट्टा, म्हणून हे जोडनाव. इंग्रजीत त्याच्या शेवटी एकच 'एस' आहे. साक्षर माणसाला ती शुद्धलेखनाची चूक वाटते. पण तीच त्याची खूण.

यापुढचा नियम साधा आहे आणि तोच सर्वांत उपयोगी: टायर हा मोटारीहून वयाने वडील असला पाहिजे. अनेक मोटारींच्या इंजिनकक्षात पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर घडणीचा काळ सांकेतिक आकड्यांत कोरलेला असतो. मोटार मे महिन्यात जुळवलेली आणि टायर जूनमध्ये भाजलेला, असे निघाले तर मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी त्या व्यर्थ. काही आठवड्यांनी किंवा थोड्या महिन्यांनी वडील असणे, हे योग्य नाते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मोटारीच्या कागदपत्रांतून टायरचा आकार आणि रेघ कळते. टायर कोणत्या कंपनीचा, ते बहुधा कळत नाही. मोटार-कारखाने एकाच वेळी गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, युनिरॉयल अशा अनेकांकडून माल घेत आणि ज्या दिवशी जो ढीग समोर असेल तो चढवीत. म्हणून अमुक मोटारीला तमुकच कंपनीचा टायर हवा, असे छातीठोकपणे सांगणारा परीक्षक थोडा अर्धवटच म्हणावा.

मग पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा मूळ टायर आज सापडावा कोठे? चार चाकांचे टायर केव्हाच झिजून गेलेले असतात. सापडला तर तो डिकीत, स्टेपनीच्या रूपाने. ज्याची कोणाला कधी गरज पडली नाही, तोच तेवढा शिल्लक राहतो. त्याच्या अंगावर साच्याच्या छिद्रांतून आलेले रबराचे बारीक केस तसेच उभे असतात, आणि पांढरी अक्षरे मळू नयेत म्हणून कारखान्याने फासलेला निळा रंगही क्वचित टिकलेला आढळतो. अर्थात काही मोटारींत जागा वाचवण्यासाठी गुडरिचची आक्रसलेली स्टेपनी देत. ती वायूच्या नळकांड्याने फुगवायची. अशी स्टेपनी स्वतःविषयी खरे सांगते, बाकीच्या चौघांविषयी काहीच सांगत नाही.

जुन्या साच्यांच्या धर्तीवर नवे टायरही आज तयार होतात. टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथील कोकर टायर ही १९५८ साली स्थापन झालेली कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. तांबडी रेघ, जुनी लिपी, जुनी नक्षी, सारे हुबेहूब. पण रस्त्यासाठी विकायच्या टायरवर आजचा ओळख-क्रमांक घालावाच लागतो, आणि २००० सालापासून त्यात तारखेचे आकडे चार झाले आहेत. '१४१९' म्हणजे २०१९ चा १४ वा आठवडा. असेच चार आकडे बेळगाव वा इंदूर येथील श्रोत्यांच्या दारातील स्कूटरच्या टायरवरही सापडतील. प्रदर्शनापूर्वी काही हौशी मंडळी हे आकडे घासून टाकतात. घासलेली जागा गुळगुळीत आणि किंचित खोलगट राहते. तिरप्या उजेडात विजेरी धरली की ती दिसते.

मूळ स्टेपनी सापडल्याच्या आनंदात काही मालक ती चाकावर चढवून मोटार रस्त्यावर काढतात. हा केवळ अविचार आहे. रबर वापरले नाही तरी हवेतील ऑक्सिजनने आणि ओझोनने आतून कडक होत जाते. वरून नवा दिसणारा टायर वेगात असताना त्याची नक्षी थरांपासून सुटून निघू शकते. अनेक मोटार-कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, आणि येथे गोष्ट ५० वर्षांपलीकडची आहे. जाणते मालक म्हणून दोन संच बाळगतात. रस्त्यावर नवे टायर. आणि मूळचा टायर काळ्या कापडात गुंडाळून, उजेडापासून आणि विजेच्या मोटारीपासून दूर, थंड खोलीत. परीक्षकांच्या दिवशी तो डिकीत ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा काढून घेतात.