क्षिप्रेचा घाट आणि नर्मदेचा महसीर



उज्जैनच्या रामघाटावर स्नान आटोपलेला यात्रेकरू माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य जोडतो. २०१४ साली ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडण्यात आले आणि २०१६ च्या सिंहस्थाची पर्वस्नाने त्याच्या आधारे पार पडली. नर्मदेचे पाणी आले. परंतु नर्मदेचा मानकरी मासा महसीर येथे नांदू शकेल काय? याचे उत्तर त्या माशाच्या जीवनक्रमातच आहे.

काश्मीर व हिमाचलातील ट्राउट हा इंग्रजी अमदानीत बाहेरून आणलेला मासा. त्याला बारमाही थंड पाणी लागते, म्हणून माळव्यात तो जगणार नाही. महसीर मात्र या भूमीचाच आणि रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. मोठे खवले व जाड ओठ ही त्याची खूण. शेवाळ, फळे, कीटक, शिंपले, लहान मासे असे सर्व काही तो खातो. उन्हाळ्यात तो खोल डोहांचा आश्रय घेतो आणि पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून, गोट्यांच्या तळावर, प्राणवायूने समृद्ध अशा वाहत्या पाण्यात अंडी घालतो. ही अंडी इतर कार्प माशांच्या मानाने थोडी असतात. त्यामुळे बांधाने वाट अडली, वाळू-गोटे उपसले गेले किंवा गाळाने तळ झाकला, तर वंशवृद्धी खुंटते. नर्मदेत एके काळी विपुल असलेला हा मासा याच कारणांनी विरळ झाला. मध्य प्रदेश शासनाने २०११ साली त्याला राज्यमत्स्याचा मान दिला.

महाराष्ट्रातील अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील मासे देवीचे मानून ग्रामस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. लोणावळ्यानजीक वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व श्री. एस. एन. ओगले यांनी १९७० नंतरच्या काळात महसीराच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र यशस्वी केले आणि तेथील बीज दूरदूरच्या जलाशयांत सोडले गेले. श्रद्धेने डोह राखला आणि शास्त्राने बीज दिले. परंतु वाहती नदी निर्माण करणे या दोहोंच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

पंपाने आणलेल्या पाण्याने घाट भरतो. पण सांडपाणी थांबल्याशिवाय, तळ मोकळा झाल्याशिवाय आणि प्रवाह अखंड राहिल्याशिवाय ती महसीराची नदी होत नाही. म्हणून नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी एक तरी डोह राखून ठेवावा, सुरुंग व विषप्रयोगाची मासेमारी बंद पाडावी आणि पावसाळ्यात अंड्यांवर आलेली मादी धरू देऊ नये. अधिकाऱ्यांनी वाळूउपशास आळा घालावा. शिक्षकांनी मुलांना नदीवर नेऊन तिचा तळ दाखवावा. येत्या २०२८ च्या सिंहस्थापूर्वी एवढे घडले, तर रामघाटावरील कणकेच्या गोळीचे पुण्य खऱ्या अर्थाने पदरी पडेल.