गोळ्यांचा बटवा



कोणाच्या घरीं भिंतीवर जुनी बंदूक टांगलेली दिसली, म्हणजे पाहुणा तिच्याकडे बोट दाखवून दहा प्रश्न विचारतो. परंतु त्याच खुंटीला शेजारीं एखादी मळकी, वीतभर कातड्याची पिशवी लोंबत असेल, तर तिच्याविषयीं सहसा कोणी चकार शब्द काढीत नाहीं. आज मी आपणांपुढें बोलणार आहें तें या दुर्लक्षित पिशवीविषयीं. आपल्याकडे आजीबाईचा बटवा प्रसिद्धच आहे. आजोबांची चंचीहि पुष्कळांनीं पाहिली असेल. बटव्यांत हात घालतांच हवी ती मात्रा हातीं येते, आणि चंचीचा चुन्याचा कप्पा कोणता हें आजोबांना अंधारांतहि कळतें. ज्या पिशवीची गोष्ट मी सांगणार आहें, ती याच कुळांतली. मात्र तिचा देश दूरचा व तिचें काम जिवावरचें.

अमेरिकेच्या पूर्व भागांत अ‍ॅपलाचिया नांवाची डोंगरांची लांबच लांब रांग आहे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजांच्या वसाहती या रांगेच्या पायथ्याशीं येऊन भिडल्या होत्या. तेथील सरहद्दीवरचे शेतकरी ठासणीच्या लांब बंदुका घेऊन डोंगरापलीकडच्या अरण्यांत हरणांच्या शिकारीसाठीं जात व महिनेच्या महिने परत येत नसत. त्यांची बंदूक, त्यांचा पेहराव, त्यांची राहणी हुबेहूब उभी करून चार दिवस रानांत घालविण्याचा छंद आज अमेरिकेंत पुष्कळ लोकांना आहे. नोकरीच्या निमित्तानें ओहायो नदीकांठच्या एका गांवीं मी कांहीं वर्षें होतों, त्या वेळीं हा छंद मलाहि जडला. आणि माझी पहिली फजितीहि तेथेंच झाली.

पहिली पिशवी मीं मोठ्या हौसेनें शिवली. रुंदी चांगली फूटभर ठेविली, कारण जितकी जागा अधिक तितकी सोय अधिक, असा माझा हिशेब होता. तींत गोळ्या होत्या, गोळ्या ओतण्याचा सांचा होता, चकमक, होकायंत्र, आरसा, चाकू होता. तंबाखू मी ओढीत नाहीं, तरी एक चिलीमहि होती. एकंदर सतरा वस्तु. एका मेळ्यांत, आभाळ भरून आलेल्या संध्याकाळीं, निशाणबाजीची माझी पाळी आली. घोडा पडला, पण बंदूक उडाली नाहीं. तिची गार बोथट झाली होती. नळीचें तोंड निशाणाकडेच ठेवून मीं दुसरी गार काढण्यासाठीं पिशवींत हात घातला. आधीं आरसा हातीं आला, मग सांचा, मग चिलीम. बोटाला तार टोंचली. रांगेंतले बाकीचे लोक सभ्यपणें गप्प उभे होते, आणि त्या गप्प राहण्याचीच मला अधिक लाज वाटली. रात्रीं शेकोटीजवळ एका वृद्ध सोबत्यानें घोंगडी अंथरली, माझी पिशवी तीवर उपडी केली आणि म्हटलें, "आज यांतल्या ज्या वस्तूंना तुमचा हात लागला, तेवढ्या बाजूला काढा." सतरांपैकीं पांच निघाल्या. "मग उरलेल्या बारा कोणासाठीं वाहतां?" असें विचारून ते झोंपावयास गेले.

या प्रश्नाचें उत्तर त्या बंदुकीच्या चालण्यांतच आहे. ठासणीच्या बंदुकीचा एक बार उडविण्यापूर्वीं काय काय करावें लागतें तें पहा. मापट्यानें दारू मोजून नळीच्या तोंडांतून आंत ओतावयाची. तोंडावर चरबी लावलेली कापडाची चिंधी ठेवावयाची. तीवर शिशाची गोळी बसवून गजानें ती चिंधीसकट तळाशीं ठासावयाची. नळीच्या आंत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या खांचा असतात. चिंधी त्या खांचांत घट्ट बसते, आणि सुटतांना गोळीला गरगर फिरविते, म्हणून गोळीचा नेम चुकत नाहीं. मग बाजूच्या वाटींत चिमूटभर रंजक घालून झांकण मिटावयाचें. घोड्याच्या जबड्यांतली गार झांकणाच्या पोलादी पाठीवर आपटली, म्हणजे ठिणग्या वाटींत पडतात, रंजक पेट घेतें, आणि कानाच्या बारीक छिद्रांतून ती आग नळींतल्या दारूपर्यंत पोंचते. एवढें सगळें उभ्यानें, पावसावाऱ्यांत, पुष्कळदां झाडाआड लपून, नजर समोर ठेवून करावयाचें. अशा माणसाला पिशवींत डोकावून पाहण्याची सवड नसते. जें हवें तें बोटांनीं ओळखून क्षणांत बाहेर आलें पाहिजे. पिशवी लहान असावयाची ती याच कारणानें.

कागदोपत्रींचा पुरावाहि हेंच सांगतो. त्या काळीं माणूस मेला म्हणजे त्याच्या चीजवस्तूंची यादी होई. तींत बंदूक, गोळ्यांची पिशवी व दारूचें शिंगडें यांचा एकत्र उल्लेख येतो. जोसेफ डॉड्रिज नांवाच्या गृहस्थांचें बालपण याच सरहद्दीवर गेलें, आणि त्यांनीं आपल्या आठवणींचा ग्रंथ १८२४ सालीं प्रसिद्ध केला. ते सांगतात कीं, शिकाऱ्याचा सैल अंगरखा छातीशीं इतका घोळदार असे, कीं भाकरीचा तुकडा, वाळविलेलें मांस, बंदूक पुसण्याचा जवसाचा चोथा, हें सारें त्या घोळांतच मावे. कमरपट्ट्याला उजवीकडे कुऱ्हाड, डावीकडे सुरी. म्हणजे सामान वाहण्यास अंगावर इतर जागा होत्या. पिशवीकडे फक्त बार भरण्याचें काम उरे.

आतां पिशवी शिवावी कशी तें सांगतों. कातडें झाडाच्या सालीनें कमाविलेलें, गाईचें किंवा हरणाचें, पातळ पण चिवट असें घ्यावें. पुढचा तुकडा सात इंच रुंद व सात इंच उंच. मागचा तेवढाच रुंद, पण पांच-सहा इंच अधिक लांब, म्हणजे तोच पुढें दुमडून झांकण होतो. दोन्ही तुकड्यांच्या चांगल्या बाजू आंत ठेवून कडेला कातड्याचीच अरुंद मगजी घालावी, तिनें शिवण पक्की होते. छिद्रें आरीनें पाडावीं, इंचाला सहा-सात. दोरा जवसाचा, मधमाशीच्या मेणानें ओढून घेतलेला. त्याच्या दोन्ही टोंकांस सुया. एकाच छिद्रांतून एक सुई इकडून व दुसरी तिकडून न्यावी. अशा शिवणींत एक टांका तुटला तरी शेजारचे सुटत नाहींत. शिवून झाल्यावर कातडें ओलसर करून पिशवी उलटावी. कोपरे उलटतांना घाई केली तर तेथेंच तें फाटतें, हें मीं स्वतःच्या खर्चानें शिकलों आहें. आंत जाड्याभरड्या कापडाचा एक छोटा कप्पा व झांकणाला एक गुंडी, एवढें पुरे.

पट्ट्याची लांबी हा सर्वांत नाजूक भाग होय. पुष्कळ हौशी लोक पिशवी मांडीपर्यंत लोंबती ठेवतात. चित्रांत ती डौलदार दिसते, पण धांवतांना गुडघ्यांवर आपटते. पिशवी कुशींत, बरगड्यांच्या खालीं, कोंपराच्या आड असावी, म्हणजे वाकतांना ती कोंपरानें दाबून धरतां येते. शिंगडें तिच्या वरच्या बाजूस टेंकून राहील असें वेगळ्या दोरीनें अडकवावें. कातड्याला रंग द्यावयाचा तर अक्रोडाच्या फळावरील सालीचा काढा पुरतो. मात्र नवी पिशवी मातींत घोळून, घासून, जुनी भासविण्याचा मोह टाळावा. १७७० सालीं शिवलेली पिशवी १७७० सालीं नवीच होती. सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. वापराचेंहि तसेंच आहे. तें कोंपराच्या घर्षणानें आपोआप येऊं द्यावें.

भरण्याचा क्रम असा. गोळ्या सुट्या टाकूं नयेत. त्यांना मऊ कातड्याची, अरुंद तोंडाची वेगळी थैली असावी, कारण सुट्या गोळ्या तळाशीं जाऊन बसतात व खडखडतात, आणि शिकाऱ्याला खडखडाट परवडत नाहीं. अर्धा इंच भोंकाच्या बंदुकीची एक गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते. एका पौंड शिशांत अशा सुमारें चाळीस होतात. त्या काळीं भोंकाचें मापच मुळीं पौंडाला किती गोळ्या यावरून सांगत. वीस गोळ्या घेतल्या तर अर्धा पौंड वजन झालें. खांद्याला तेवढें बस्स आहे. चरबी लावलेल्या चिंध्या पुढच्या बाजूस. दोन-तीन गारा कातड्याच्या तुकड्यांत गुंडाळून आंतल्या कप्प्यांत. त्याच तुकड्यांतून घोड्याच्या जबड्यांत घालावयाची घडीहि निघते. कान साफ करण्याची तार व वाटी झाडण्याचा लहान ब्रश पट्ट्याला बांधलेला. गजाच्या टोंकाला लावून आंतली घाण ओढून काढणारा मळसूत्री आंकडा, थोडा चोथा, आणि मळसूत्रें फिरविण्याची एक लोखंडी पात. दारूचें मापटें दोरीनें अडकविलेलें. शिंगड्यांतून सरळ नळींत दारू कधींहि ओतूं नये. मागच्या बाराची एखादी ठिणगी आंत धुमसत असली तर हातांतलें शिंगडेंच फुटेल. सांचा, आरसा, चिलीम हीं सारीं तळावर राहावींत. शेवटीं डोळे मिटून एकेक वस्तु नांव घेऊन बाहेर काढावी. एखादीला दोनदां चांचपावें लागलें, तर तिची जागा चुकली किंवा तिची गरजच नाहीं, असें समजावें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. इतका खरेपणा आपण टांक्यांत व गुंड्यांत सांभाळतों, तर तो स्मरणांतहि सांभाळला पाहिजे. ज्या अरण्यांत हे शिकारी शिरले तें ओसाड नव्हतें. शॉनी, चेरोकी इत्यादि लोकांचीं तीं शिकारीचीं रानें होतीं. डोंगरांच्या पश्चिमेस वसाहत करूं नये असें इंग्लंडच्या राजानें १७६३ सालीं फर्माविलें होतें. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहांत इरोक्वा लोकांनीं ओहायोच्या दक्षिणेकडील भूमि लिहून दिली, पण तेथें शिकार करणाऱ्या शॉनींची संमति त्यास नव्हती. १७६९ सालीं डॅनियल बून कंबरलँडच्या खिंडींतून केंटकींत उतरला. त्या डिसेंबरांत शॉनींच्या एका टोळीनें त्याला व त्याच्या सोबत्याला पकडलें, जमविलेलीं कातडीं काढून घेतलीं आणि पुन्हां येऊं नका अशी ताकीद दिली. परतीच्या वाटेवर उपाशी मरूं नयेत म्हणून त्यांना एक लहान बंदूक, थोडी दारूगोळी आणि चिंध्यांसाठीं हरणीचें कातडें त्यांनीं दिलें, असा वृत्तांत आहे. बून परतला नाहीं, हें जगास ठाऊक आहे. आपण शिवतों ती पिशवी त्या शिकाऱ्यांची. पण तींतली चिंधी त्या दिवशीं शॉनींनीं दिलेली होती, हेंहि सांगत जावें.

डॉड्रिज यांच्या ग्रंथांतली आणखी एक नोंद माझ्या मनांतून जात नाहीं. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, म्हणजे त्याला एक लहान बंदूक व गोळ्यांची पिशवी मिळे, आणि तो गढीचा शिपाई होई. लांकडी भिंतींतलें बार काढण्याचें एक भोंक त्याच्या नांवें नेमून दिलें जाई. मीं हें वाचलें तेव्हां तें एक माहितीचें वाक्य होतें. पुढें त्या वृद्ध सोबत्यानें आपल्या नातवासाठीं पिशवी शिवून मागितली. मुलगा बारा वर्षांचा. माप घेण्यासाठीं मीं पट्टा त्याच्या खांद्यावरून टाकला, तर माझ्या पट्ट्याहून तो चांगला वीतभर अधिक निघाला. तेवढा कापून टाकावा लागला. तो कापलेला तुकडा हातांत घेऊन मी बराच वेळ बसून राहिलों. एवढ्या खांद्यावर अर्धा पौंड शिसें, आणि डोळ्यांसमोर एक भोंक!

मुलाला पिशवी दिली तेव्हां त्यानें ती उघडून पाहिली आणि हिरमुसून विचारलें, "रिकामीच?" मीं म्हटलें, "होय. तुला लागेल तें तूं हळूहळू भर." दुसऱ्या दिवशीं तींत एक गोटी, एक दोरी व अर्धी भाकरी होती. आजोबांनीं मला ती दाखविली. आम्ही दोघेहि हंसलों, आणि कोणतीहि वस्तु बाहेर काढली नाहीं.

आपल्या देशांत ठासणीची बंदूक बाळगावयासहि सरकारी परवाना लागतो; पिशवी शिवावयास मात्र आरी, मेण आणि चार संध्याकाळा एवढेंच लागतें. आपणांपैकीं कोणास हौस वाटली तर अवश्य शिवून पहावी. भरतांना मात्र त्या घोंगडीवरचा प्रश्न आठवावा.